आदर्श श्रमविभागणी

आंतरराष्ट्रीय संशोधनात कामाची न्याय्य वाटणी कशी करावी, हे ज्यांना शिकायचे आहे त्यांनी इबोलाच्या शोधाची कथा जरूर अभ्यासावी. १९७६ साली झैरमधल्या यांबुकू गावी त्याच देशाचे डॉ. ज्याँ-जाक मुयेम्बे पोहोचले आणि हातमोज्यांविनाच रुग्णांचे रक्त काढू लागले. सुई काढली तरी रक्त थांबेना, बोटे माखली. ती त्यांनी साबणाने धुतली. पुढे एका आजारी ननचे रक्त थर्मासमधून बेल्जियममधल्या अँटवर्पला रवाना झाले. दोनपैकी एक कुपी वाटेतच फुटली. उरलेली भरपूर झाली. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँटवर्पच्या संशोधकांचा निबंध झळकला. लेखकांत मुयेम्बे नव्हते, आणि ते योग्यच. रक्त उष्ण कटिबंधात सांडावे, नावे समशीतोष्ण कटिबंधात छापावीत. उकाड्यात शाई टिकत नाही.

हल्ली काही उतावळी मंडळी स्थानिकांना सहलेखक करा म्हणतात. इतकी घाई कशाला? आमची नम्र सूचना अशी की, पुढच्या साथीआधी त्यांना सूक्ष्मदर्शक देऊन बिघडवू नये. थर्मास मात्र दोन द्यावेत. हातमोज्यांसाठी स्वतंत्र अर्ज करावा, इंग्रजीतून, तीन प्रतींत. मुदत काल संपली.