अंधारातला ससा

व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात एक ससा आहे. वय पाचशेच्या पुढे. आल्ब्रेख्त ड्यूररने 1502 साली जलरंगात काढलेला हा ससा वीतभर कागदावर अंग चोरून बसलाय. पाठीवरचे केस एका दिशेला, छातीवरचे दुसऱ्या. मिशा इतक्या बारीक, की ब्रशाला केस तरी किती होते असा प्रश्न पडावा. बुबुळात नीट पाहिलं तर खिडकीची चौकट दिसते. म्हणजे रानातला प्राणी चित्रकाराच्या खोलीत बसला होता, असा तर्क करायला अभ्यासक मोकळे. तो इतका वेळ स्वस्थ बसला कसा, ते ड्यूररलाच ठाऊक. आधार कार्डाच्या फोटोसाठी आपल्याकडे माणूस क्षणभर स्थिर बसत नाही.

तर एवढी कीर्ती ऐकून तुम्ही तिकीट काढून गेलात, की बहुधा त्याची छापील प्रत भेटते. हुबेहूब, पण प्रत. मूळ महाराज कोठारात, मिट्ट काळोखात. तैलचित्रं वर्षानुवर्षं भिंतीवर मिरवतात. कागदावरच्या जलरंगाला ती चैन परवडत नाही. त्याला साधारण 50 लक्सचा मिणमिणता उजेड, तोही थोडे महिने, आणि मग काही वर्षं पेटीवास. संग्रहालयवाले याला विश्रांती म्हणतात. मला ते जरा गोडगोड वाटतं. उजेडाने खाल्लेला रंग झोप काढून परत येत नाही. अंधारात फक्त पुढचं खाणं थांबतं. मुदत ठेव मोडून खाणाऱ्या पेन्शनराला हा हिशेब चटकन कळेल.

आणि ससा एकटा नाही. ड्यूक अल्बर्टने 1776 मध्ये हा संग्रह उभारायला घेतला. आज रेखाटनं आणि मुद्राचित्रं मिळून दहा लाखांच्या घरात कागद आहेत. शुभेच्छापत्रांवर नि कॅलेंडरांवर पाहून पाहून पाठ झालेले ते जोडलेले हात, ड्यूररचेच, निळ्या कागदावरचे, तेही इथलेच. यातले एका वेळी भिंतीवर येणार किती? बाकीचे सारे थंड, कोरड्या कपाटांत. उजेडापासून असं जपलेल्या कागदांच्या वाट्याला पाणी यावं, हा नशिबाचा चावटपणा. 2009 च्या जूनमध्ये पावसाचं पाणी जमिनीखालच्या अत्याधुनिक, यंत्रमानव चालवतो त्या कोठारात झिरपलं. मग लाखो कागद तिथून काढून सुरक्षित जागी हलवावे लागले. चित्रांना धक्का लागला नाही, पण कर्मचाऱ्यांच्या पोटात केवढा गोळा आला असेल!

‘पैसे मोजून झेरॉक्स बघून आलो,’ अशी कुरकूर करणारा पर्यटक मला समजतो. पण मूळ ससा रोज सगळ्यांना दाखवायचा ठरवला, तर आपल्या पणतवंडांना फिकट डाग बघावा लागेल. ससा आपल्याला न दाखवण्यासाठी ही मंडळी एवढा खर्च करतात, आणि ते बरोबरच करतात. तेव्हा व्हिएन्नाला जाण्याआधी तो बाहेर आहे का, ते विचारून घ्या. नसला तर नाक न मुरडता प्रत बघा.