उरलेले चौदा टक्के

मर्सिडीज पाचशे-ई माझ्याकडे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी तिच्याबद्दल ज्या थाटात बोलतो त्यावरून पोलादपूरच्या अर्ध्या बाजारपेठेचा गैरसमज झालेला आहे. 1990 ची ती चार दारांची सभ्य गाडी, आत पाच लिटरचं व्ही-आठ इंजिन, 326 हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभरावर सहाएक सेकंदांत. चाकांवरच्या कमानी इतक्या फुगीर की घरच्याच कारखान्यात, झिंडेलफिंगेनला, जुळणीच्या रांगेत ती मावेना. मग सांगाडा पोर्शाकडे, रंगाला परत माहेरी, जुळणीला पुन्हा पोर्शाकडे. एवढ्या फेऱ्या आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायलाच होतात.

माझी आहे ती त्याच घराण्यातली, पण हलाखीतली. ई-220. पिंपरीत टेल्कोच्या भागीदारीत 1995 साली जुळू लागली ती. चार सिलिंडर, 150 हॉर्सपॉवर. नाक मात्र तेच, आणि मी त्या नाकावरच जगतो.

आणि वायपर! या गाडीला वायपर एकच. पण काय वायपर! नुसता अर्धगोल फिरत नाही; मध्यावर आखडतो, कोपऱ्याकडे हात लांब करतो, पुन्हा आखडतो. पंगतीत वाढपी लांबच्या पानापर्यंत वाकतो ना, तसा. काचेचा 86 टक्के भाग तो एकटा पुसतो. हा आकडा मी बारशाला सांगितलाय, साखरपुड्याला सांगितलाय, एकदा दहाव्याला सांगताना बायकोनं कोपर मारलं म्हणून 80 वर थांबलो.

तर परवा गणपतीला आमच्या अण्णांना घेऊन निघालो. जर्मनांनी पाचशे-ईचा वेग मुद्दाम 250 वर अडवला. आमच्या महामार्गाला तसली खटपट करावी लागत नाही. रुंदीकरण 2011 ला निघालंय, माझे केस तेव्हा काळे होते. त्यातल्या त्यात कशेडीचा बोगदा झाला, दोन किलोमीटरमध्ये घाट संपतो. पण बोगद्यात गाडी बघणार कोण? मी जुन्या घाटाला वळलो. बोगदा झाल्यापासून तिथे कुणीच येत नाही, हे माकडांच्या चेहऱ्यावरून कळलं.

चौथ्या वळणावर गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. बाहेर मुसळधार.

"टाकी केवढी रे?" अण्णा.

"70 लिटर," मी लगेच.

"आत किती होतं?"

एवढा एकच आकडा मला पाठ नव्हता.

अण्णांनी तीस वर्षं याच घाटातून ट्रक चालवला. आंब्याच्या पेट्या, रात्रीची खेप. काट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. इंजिनाच्या आवाजावरून त्यांना गिअर, वजन, चढ सगळं कळे. पावसात बसल्या बसल्या ते एकेक वळण दाखवू लागले. नावं नव्हती, माणसं होती. या वळणावर क्लीनरचा भाऊ गेला. त्या पुढच्यावर एक लग्नाचं वऱ्हाड. इथे रात्री हॉर्न न वाजवता कुणी येत नसे. मी इतकी वर्षं घाटाची वळणं मोजत होतो, त्यांना ती ओळखीची होती. मला हॉर्सपॉवरमधलं एकही उत्तर सुचलं नाही.

तासाभरानं एक पोरगा मोटारसायकलवरून आला. पोलादपूरला जाऊन पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल घेऊन परतला. गाडीला एक फेरी मारली, नाकावरून हात फिरवला आणि विचारलं, "किती देते?"

मी घसा साफ केला. "म्हणजे बघ, हिची जी मोठी बहीण आहे, तिला 326..."

"पेट्रोल घातलं तर देते," अण्णा म्हणाले.

गाडी सुरू झाली. वायपर आखडला, लांबला, आखडला. अण्णा आत येईनात. बघतो तर डोक्यावर टॉवेल धरून, बंडीतल्या पुडीतली तंबाखू काचेवर चोळत होते, पाणी धरू नये म्हणून. जुनी ट्रकवाल्यांची युक्ती. वायपर पोचत नाही तेवढ्याच कोपऱ्यात.

"एकट्यावर किती टाकायचं रे," म्हणाले, आणि दार हळू लावलं.