कोळंबीचा हिशेब

आमच्या आईची एक सवय मला लहानपणी मुळीच आवडत नसे. ती कोळंबी मोजून वाढायची. भात हवा तेवढा, सोलकढी वाटीवर वाटी, पण कोळंबी प्रत्येकी आठ. नववी मागितली की म्हणायची, "सोलायला बसला होतास?" शेजारच्या काकू डावाने वाढतात, हे मी तिला अनेकदा ऐकवलं. त्यावर ती फक्त हसायची.

अलिबागच्या त्या घरात कोळंबीच्या दिवशी आणखी एक गोष्ट हमखास घडे. आम्ही ओट्यावर शतपावली करत असताना स्वयंपाकघरातून काहीतरी चोखल्याचा, मिटक्या मारल्याचा आवाज यायचा. "आई, काय गं ते?" विचारलं की आतून उत्तर येई, "मांजर आहे." ते मांजर मला कधी दिसलं नाही.

पन्नाशी उलटेपर्यंत कोळंबीशी माझी ओळख एवढीच, म्हणजे ताटातली. ठाण्यात बाजारातली मावशी चार पैसे जास्त घेऊन सोलून द्यायची. पण यंदा घोटाळा झाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पुढे श्रावण. तो पाळत नसलो तरी बायकोच्या धाकाने पाळावा लागतो. त्यामुळे श्रावण संपल्यावरच्या पहिल्या रविवारी सगळं ठाणं बाजारात लोटलेलं. मावशीने वाटा पिशवीत ओतला आणि म्हणाली, "आज गर्दी हाय, दादा. घरी न्या नि सोला."

घरी वजन केलं तर किलोभर भरली. परातीत ओतली आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. कोळंबीचे डोळे देठावर असतात, त्यामुळे ती कुठल्याही कोनातून आपल्याकडेच बघते. बायको साताऱ्याकडची. ती म्हणाली, "मी खाईन, पण यांच्याशी नजरानजर नको," आणि बाहेर गेली. मुलाला नेमका त्याच वेळी अभ्यास आठवला.

मी आईला फोन लावला.

"आधी डोकं पिरगाळ," ती म्हणाली. "करवत सांभाळून."

करवत म्हणजे कोळंबीच्या कपाळावरचा दातेरी काटा. हे कळेपर्यंत माझ्या अंगठ्यातून रक्त आलं होतं. डोकं म्हणायचं, पण त्यात पोटही असतं आणि काळीजही. काळीज डोक्यात ठेवून हा जीव समुद्रात सुखाने कसा नांदतो, कोण जाणे. मग पाय. शाळेत हिला दशपाद म्हणून शिकवलं होतं. मी मोजले तर वीस भरले, दहा चालायचे आणि दहा पोहायचे. शास्त्रज्ञांनी चालायचे तेवढे धरले. सोलणाऱ्याला मात्र विसांचा हिशेब द्यावा लागतो.

साल पोटाकडून सोडवली की निघते, हे सहाव्या कोळंबीला समजलं. त्यानंतर पाठीवरचा काळा दोरा. मी त्याला शीर समजत होतो. आई म्हणाली, "शीर कसली, आतडं आहे ते. पाठीत दातकोरणं घाल आणि हळू ओढ." हळू ओढला तर अख्खा येतो, घाई केली की मध्येच तुटतो आणि मग पाठ चिरून शोधत बसावं लागतं. विसाव्या कोळंबीपर्यंत मला तो बिनचूक जमू लागला. तिसाव्याला कंबर धरली. तासाभराने परातीत सोललेल्या कोळंब्या होत्या ३७, आणि किलोची अर्धा किलोही उरली नव्हती.

मी त्या मोजल्या होत्या, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मोजायचं असं काही ठरवलं नव्हतं. एकेकीचं डोकं, साल, वीस पाय आणि दोरा निस्तरला की आकडा आपोआप डोक्यात बसतो. शेजारच्या काकूंकडे सोलायला बाई यायची. डावाने वाढणं त्यांना परवडत होतं.

पुढचं सोपं होतं. हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून घटकाभर मुरवली. तेलात ठेचलेली लसूण, हिंग, घरचं तिखट. कांदा नाही, खोबरं नाही. आमच्याकडे याला खडखडलं म्हणतात. राखाडी कोळंबी कढईत पडली आणि बघता बघता केशरी झाली. तो रंग बाहेरून येत नाही. तिच्या अंगात तो असतोच, एका प्रथिनाने धरून ठेवलेला. आच लागली की पकड सुटते. "अर्धा चंद्र झाला की उतरव," आईने बजावलं होतं. "जिलबी होऊ दिलीस तर रबर चावत बसाल."

पानं मांडली. तिघांना बारा-बारा. सदतिसावी मी मीठ बघण्यासाठी आधीच खाल्ली होती. आचाऱ्याचा तेवढा हक्क असतो.

"बाबा, फक्त बारा?" मुलगा म्हणाला.

"सोलायला बसला होतास?"

वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच दचकायला झालं. बायको मात्र काही न बोलता एकेक कोळंबी पुरवून पुरवून खात होती.

जेवणानंतर आईचा फोन आला. सालं कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायला सांगून तिने मुद्द्याला हात घातला. "डोकी काय केलीस?"

"पिशवीत बांधून ठेवलीयेत. उद्या कचऱ्याच्या गाडीत."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "काटे आणि मिशा कातरून टाक. मीठ-हळद लावून तव्यावर चांगली कुरकुरीत परत. आणि हे बघ, दार लोटून घे."

मी दार लोटलं. पहिलं डोकं दाताखाली फोडून चोखलं, आणि तव्याशीच उभा राहिलो. बारा कोळंब्यांत मिळून जी चव नव्हती, ती त्या एका डोक्यातल्या केशरी गराला होती. इतकी वर्षं मी समजत होतो, आई आम्हाला वाढून स्वतः रश्श्यावर भागवते. आठ-आठचा काटेकोर हिशेब आमच्यासमोर मांडायची आणि डोक्यांचा आकडा कधी काढायची नाही.

अकराव्या डोक्याला बाहेरून बायकोची हाक आली. "अहो, कसला आवाज येतोय आत?"

मी तोंड पुसलं.

"काही नाही. मांजर आहे."