सोवळ्यातला वायू आणि दिल्लीची हवा

दिल्लीच्या हवेत काय काय मिसळलेले असते याची चर्चा दर वर्षी दिवाळीच्या सुमारास देशभर रंगते; मात्र त्या हवेतील ज्या घटकाविरुद्ध आजवर कोणीही तक्रार केलेली नाही, त्याची साधी दखलही कोणी घेत नाही. तो घटक म्हणजे आर्गन. कोरड्या हवेत आकारमानाने ०.९३ टक्के, म्हणजे बहुचर्चित कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटींहून अधिक असलेला हा वायू कशाशी संयोग पावत नाही, पेट घेत नाही, त्याला रंग नाही, वास नाही आणि कोणत्याही विषयावर मतही नाही. हवेतून वेगळा काढलेला नायट्रोजन हा संयुगांपासून तयार केलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड का भरतो, या तफावतीचा माग काढताना लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅम्से यांना १८९४ साली तो सापडला. तोवर मनुष्यजात तो प्रत्येक श्वासाबरोबर आत घेत आणि जसाच्या तसा परत करीत होती. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीत तीनशेहून अधिक लिटर आर्गन फुकट तरंगत असतो, आणि तेवढ्यात अर्धा तास वेल्डिंग सहज होऊ शकते. तरीही नोएडा किंवा मयूर विहार येथील घराच्या गच्चीवर स्टेनलेस स्टीलचे जोडकाम करू पाहणाऱ्या गृहस्थाला तो पदरचे पैसे मोजून विकत आणावा लागतो, कारण हवेतला आर्गन सुटा मिळत नाही. सोबत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन घ्यावाच लागतो, आणि सगळा घोटाळा नेमका त्यांच्यामुळे होतो.

हा घोटाळा समजून घेण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा स्वभाव पाहावा लागतो. ज्या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप धरतो आणि तो गंज रोखतो, म्हणून त्या पोलादाला ही प्रतिष्ठा लाभली आहे. थंड असताना हे पोलाद पाऊस, धूर, लिंबू आणि पाहुणे या सर्वांना निर्विकारपणे तोंड देते. परंतु वितळलेल्या अवस्थेत ते कडक सोवळ्यात असते, हवेचा स्पर्श झाला की विटाळते आणि विटाळल्याच्या खुणा सांध्याच्या बाजूने कायमच्या मिरवते. म्हणून वेल्डिंगच्या ज्योतीभोवती, म्हणजे ज्याला कारागीर आर्क म्हणतात त्या विद्युत ज्योतीभोवती, कोणालाही न शिवणाऱ्या वायूचे कडे उभे करावे लागते. त्याला संरक्षक वायू म्हणतात.

येथपर्यंत पुस्तकांत एकमत आहे. पुढचा प्रश्न वायू कोणता हा असून, दिल्ली परिसरात त्याचे उत्तर रसायनशास्त्राआधी दुकानाची पाटी देऊन टाकते. टंगस्टनच्या, स्वतः न वितळणाऱ्या टोकाने ज्योत पेटवून केलेल्या कामाला ग्रंथांत टिग म्हणतात, पण गल्लीतील पाटीवर ते ‘आर्गन वेल्डिंग’ असते. तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या मिग यंत्राच्या कामाला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात. अशा रीतीने वायूची निवड यंत्राबरोबरच उरकली जाते आणि ग्राहकाची विचार करण्याची दगदग वाचते. ज्याच्याकडे ‘सीओटू’ आहे तो त्याच सिलिंडरवर स्टेनलेस स्टीलही ओढून काढण्यास तयार असतो. साध्या पोलादाला हा वायू उत्तम चालतो. परंतु ज्योतीच्या उष्णतेत त्याचे विघटन होते आणि त्यातला कार्बन स्टेनलेस स्टीलच्या सांध्यात शिरतो. ज्या ३०४ एल जातीत कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर नको म्हणून कारखाना जिवाचे रान करतो, त्या जातीला गच्चीवर असा फुकट कार्बन पाजला जातो. सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सियस या पट्ट्यात हा कार्बन क्रोमियमला धरून त्याचे कार्बाइड बनवतो, आजूबाजूच्या भागात क्रोमियमचा दुष्काळ पडतो आणि तेथून गंज चढू लागतो. रेलिंग मात्र बिल चुकते होईपर्यंत चांदीसारखे चमकत असते, आणि या काळाबद्दल कारागिराचा अंदाज सहसा चुकत नाही.

टिगसाठी उत्तर सरळ आहे: निव्वळ आर्गन. मिगमध्ये निव्वळ आर्गनने ज्योत चंचल होते आणि टाका उंच, अरुंद बसतो, म्हणून आर्गनमध्ये सुमारे दोन टक्के कार्बन डायऑक्साइड किंवा एक ते दोन टक्के ऑक्सिजन मिसळतात. सोवळ्याला एवढी सवलत शास्त्रसंमत आहे. अमेरिकी पुस्तके पातळ पत्र्यासाठी ९० टक्के हेलियम, साडेसात टक्के आर्गन आणि अडीच टक्के कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण सुचवतात. ज्या देशात हेलियम जमिनीतून नैसर्गिक वायूबरोबर निघतो त्या देशाला ही उधळपट्टी शोभते. भारतात हेलियम प्रामुख्याने आयात करावा लागतो, त्यामुळे ते पान आदराने उलटावे हे बरे. खरा धोका दुकानातील ‘मिक्स’ नावाच्या सिलिंडरचा आहे, कारण ते बहुधा साध्या पोलादासाठी केलेले ८० टक्के आर्गन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण असते. शुद्धतेचा प्रश्न नऊ या अंकाच्या आवृत्त्यांनी सुटतो: ९९.९ टक्के म्हणजे हजारात एक भाग परकीय, तर ९९.९९९ टक्के म्हणजे दहा लाखांत दहा भाग. दशांशचिन्हानंतर किती नऊ आहेत असे विचारणाऱ्या ग्राहकाकडे विक्रेते काहीशा करुणेने पाहतात. तरी विचारावे, आणि घरी आणल्यावर स्वच्छ तुकड्यावर एक टाका घालून पाहावा. टाका काजळला किंवा टंगस्टनचे टोक काळेनिळे पडले, तर एक तर नऊ कमी आहेत किंवा नळी गळते आहे.

गळतीचा संशय आधी घ्यावा. ४७ लिटरच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० बार दाबाखाली सात घनमीटर वायू मावतो. मिनिटाला दहा लिटर या वेगाने तो ज्योत प्रत्यक्ष पेटती असतानाचे अकरा-साडेअकरा तास पुरतो, आणि हौशी माणसाचे एवढे वेल्डिंग वर्षभरातही होत नाही. घरगुती सिलिंडर बहुधा रात्री उघड्या राहिलेल्या झडपेनेच रिकामा होतो.

सिलिंडर बाळगण्याविषयीचा कायदा, आश्चर्य वाटेल, अतिशय उदार आहे. देशभरातील दाबाखालील वायूंवर लक्ष ठेवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय नागपुरात आहे, ही गोष्ट दिल्लीतील मराठी माणसाने चारचौघांत सांगण्यासारखी आहे. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार न जळणारे आणि विषारी नसलेले वायू असल्यास २०० पर्यंत सिलिंडर परवान्याविना बाळगता येतात. दोनशेची मुभा देणाऱ्या नागपूरपुढे एकही सिलिंडर लिफ्टमध्ये चढू न देणारी रहिवासी कल्याण समिती उभी असते, आणि व्यवहारात दुसरीचेच चालते.

त्यानंतर निसर्ग. ताशी आठ-दहा किलोमीटरचा वाराही वायूचे कडे विस्कटून टाकतो, आणि मे महिन्यातील लू, म्हणजे उन्हाळी झळांचा वारा, त्याहून कितीतरी जोरात वाहते. वाऱ्याला भिऊन काम बंद खोलीत न्यावे, तर स्टेनलेस स्टीलच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम हा कर्ककारक घटक असतो. तळघरात न्यावे, तर हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असलेला आर्गन खाली साचून ऑक्सिजनला हुसकावतो आणि बिनवासाचा असल्यामुळे त्याची पूर्वसूचनाही देत नाही. हिवाळ्यात हवा पडलेली असते, वेल्डिंगला ती आदर्श होय. परंतु त्याच पडलेल्या हवेमुळे प्रदूषण साचते आणि त्यावरील सरकारी कृती आराखड्याचे टप्पे एकामागून एक लागू होऊन बांधकामावर बंदी येते.

अशा वेळी दिल्लीतील मराठी मंडळातील एखादे वडीलधारे गृहस्थ मेहरौलीच्या लोहस्तंभाचा दाखला देतात, की सोळाशे वर्षांपूर्वी कोणता गॅस होता? दाखला बिनतोड वाटला तरी गैरलागू आहे. तो स्तंभ लोखंडाचे तापवलेले गोळे घणाने एकमेकांत ठोकून घडवला आहे. त्यात लोखंड वितळवण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्याच्या गंजरोधाचे श्रेय त्यातील भरपूर फॉस्फरसला दिले जाते, जो आजच्या वेल्डिंगमध्ये सांध्याला तडे पाडतो.

तात्पर्य काढण्यापेक्षा सल्ला देणे सोयीचे. पातळ पत्रा आणि नळ्यांसाठी निव्वळ आर्गन घ्यावा, मिगसाठी ९८ आणि दोनचे मिश्रण मागावे, ‘मिक्स’ नाकारावे. नळीचा सांधा पूर्ण भेदायचा असेल तेव्हा तिच्या आतही थोडा आर्गन सोडावा, अन्यथा मागच्या बाजूला करपलेल्या साखरेसारखा काळा खडबडीत थर धरतो. एखाददुसराच टाका घालायचा असेल तर ई-३०८ एल जातीच्या कांड्यांचे छोटे पाकीट आणावे, कारण त्यांचे आवरण जळताना स्वतःचे वायू आणि मळीचे कवच स्वतःच तयार करते आणि सिलिंडरची गरजच उरत नाही. सिलिंडर आणलाच, तर तो उभा ठेवून साखळीने भिंतीला बांधावा आणि काम संपल्यावर त्याची झडप रेग्युलेटरवर विसंबून न राहता हाताने बंद करावी.