शासकीय गुरुजींचे पद तातडीने निर्माण करण्याबाबत

प्रति,
मा. सचिव महोदय,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : ‘शासकीय गुरुजी (गट-क)’ हे पद निर्माण करणे व सरकारी नारळास लेखाशीर्ष मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आपले शासन गेली कित्येक वर्षे बिनपगारी गुरुजींच्या भरवशावर चालले आहे. रस्ता असो, पाण्याची टाकी असो की तहसील कचेरीची नवी इमारत. कार्यारंभ आदेश निघाला तरी गुरुजी आल्याखेरीज कुदळ हलत नाही. धरण भरले की जलपूजन, खंडेनवमीला पोलीस ठाण्यातल्या बंदुकांना हळदकुंकू. कचेरीत सत्यनारायण असेल त्या दिवशी दाखला मागायला आलेल्या माणसाला दाखला नाही, पण प्रसाद नक्की मिळतो. एवढे जोखमीचे काम, आणि मंजूर आकृतिबंधात त्याचे पदच नाही!

काही मंडळी म्हणतात, ही पूजाअर्चा बंदच करा. मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या नव्या न्यायालय इमारतीच्या भूमिपूजनाला आलेले सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती अभय ओक यांनीही तेच सुचवले होते : न्यायालयाच्या कार्यक्रमात पूजेऐवजी संविधानाच्या उद्देशिकेपुढे नतमस्तक व्हावे. ती सूचना आपल्याकडे यथावकाश नस्तीबद्ध झालेली दिसते. माझे मागणे तेवढे टोकाचे नाही. जे चालले आहे ते नियमाने चालावे, इतकेच.

पहिला मुद्दा पैशाचा. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी ज्याची रक्कम खर्च होणार आहे असा कर भरण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही, असे संविधानाचे कलम २७ म्हणते. यावर खालच्या कार्यालयांनी केव्हाच तोडगा काढला आहे. नारळ, हार, मांडव, पेढे सगळे ठेकेदार बघतो. तो ते कुठून बघतो, हे विचारण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण मोजमाप पुस्तिकेत ‘श्रीफळ, नग एक, फोडून देणे’ अशी नोंद तरी हवी. शिवाय नारळालाही दोषदायित्व कालावधी लावावा. पहिल्या पावसात डांबर वाहून गेले, तर दुसरा नारळ ठेकेदाराने स्वखर्चाने फोडावा.

दुसरा मुद्दा भरतीचा. सरकारी पद म्हटले की जाहिरात, परीक्षा आणि बिंदुनामावली आलीच. उद्या अनुसूचित जातीची एखादी मुलगी गुणवत्ता यादीत पहिली आली, तर ती सांगेल तसा संकल्प मंत्रिमहोदय सोडतील ना? आणि कर सगळेच भरतात, तेव्हा पाळ्या लावणे ओघानेच आले. एका उद्घाटनाला मंत्रपठण, दुसऱ्याला फातिहा, तिसऱ्याला बुद्धवंदना. नास्तिकांच्या पाळीला कामाची रक्कम आणि मुदत ध्वनिक्षेपकावर वाचून दाखवावी. या शेवटच्या प्रकाराला सर्वाधिक विरोध होईल, याची मला कल्पना आहे.

पुढच्या भूमिपूजनाला मांडवात जरा मागे बघा. पुढे पाहुणे डोक्यावर रुमाल टाकून बसलेले असतात, आणि मागे कनिष्ठ अभियंता तबक धरून उभा असतो. त्याचा धर्म कोणता, त्याला देव मान्य आहे की नाही, हे कुणी विचारलेले नसते. तबक धरणार नाही असे म्हणायची सोय तर त्याला मुळीच नसते. गोपनीय अहवाल लिहिणारे साहेब पुढेच पाटावर बसलेले असतात.

तिसरा मुद्दा पंढरपूरचा. १९७३ च्या कायद्याने तिथल्या मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क गेले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. विठोबा मोकळा झाला म्हणून महाराष्ट्राला आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण आषाढीच्या पहाटे गाभाऱ्यातल्या पूजेचा मान मात्र मुख्यमंत्रिपदाकडेच राहिला. रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला पूजेत सामील करून घेतात, त्यांना एसटीचा वर्षभराचा पासही मिळतो. कित्येक दिवस चालून आलेल्या बाकीच्यांनी सरकारचे दर्शन घ्यावे. हा मान खुर्चीचा असेल, तर उद्या ख्रिस्ती किंवा निरीश्वरवादी मुख्यमंत्री आल्यास काय करावे, याचे परिपत्रक आजच काढून ठेवलेले बरे.

ही सगळी यातायात नको असेल, तर एक स्वस्त मार्ग आहे. सरकारी कामाचा आरंभ सरकारी कागदाने करावा. मंत्र्याने पूजा जरूर करावी. ती स्वतःच्या घरी आणि स्वतःच्या खिशातून करावी. पंढरीला जरूर जावे, आणि रांगेत उभे राहावे. वारी कोणत्याही शासन निर्णयावाचून शतकानुशतके चालत आली आहे. तिला सरकारची गरज नाही. सरकारची गरज रस्त्याला आहे. तेव्हा नारळ राहू द्या. कामाची रक्कम, मुदत आणि जबाबदार अभियंत्याचे नाव तेवढे फलकावर लिहा.

आपला,
एक करदाता