पन्नाशीतले बाप्ये रांगायला लागले!

पोरंटोरं असती तर एक वेळ चाललं असतं हो! पण पन्नाशीला टेकलेले बाप्ये? पंगतीत मांडी घालून बसा म्हटलं की ज्यांचे गुडघे लगेच कुरकुरतात, तीच मंडळी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातापायांवर रांगताहेत. तेही फी भरून! रांगायला आपण सगळेच फुकट शिकलो होतो.

या थेरांना म्हणे सिक्स-स्टेप म्हणतात. ब्रेकडान्समधल्या फुटवर्कची बाराखडी. हात जमिनीला, बूड अधांतरी, आणि पाय सहा पावलांत स्वतःभोवती गोल फिरवायचे. एक पाय पुढून आडवा घाला, दुसरा त्याच्यामागे अडकवा, मग पोट आकाशाकडे करून खेकड्यासारखे पसरा आणि तसेच फिरत पुन्हा पालथे व्हा. पाय येतोय असं दिसलं की हात उचलून त्याला वाट द्यायची. दुसऱ्या मजल्यावरच्या भावजींचं गाडं तिथेच अडतं. चार पावलं झकास होतात, मग पाचवं कुठे गेलं म्हणून ते इकडेतिकडे बघत बसतात.

शिकवणारा पोरगा विशीतला. "अंकल, हिप्स वर! वर!" असं भर पार्किंगमध्ये ओरडतो. वॉचमनच्या देखत! आधी मनगटं मोकळी करून घ्या, हेही तो बिचारा दर वेळी सांगतो, पण ऐकतंय कोण? यांना पहिल्याच दिवशी डोक्यावर गरगरायचं असतं. १९८५ साली 'मेरी जंग'मध्ये जावेद जाफरी नाचला, तेव्हापासून ही हौस पोटात दाबून ठेवलेली. आता ती बाहेर पडतेय आणि वहिनी रोज रात्री गरम पाण्याची पिशवी भरताहेत.

बरं, हे खूळ आलं कुठून, तर तेही एका बिल्डिंगच्या हॉलमधूनच! न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवर, १५२० नंबरच्या इमारतीत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. म्हणून ११ ऑगस्ट १९७३ला तिने पार्टी ठेवली आणि चक्क तिकीट लावलं: मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. गाणी लावायला घरचाच भाऊ, डीजे कूल हर्क. गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो, तेव्हा पोरांच्या अंगात येतं, हे त्याने हेरलेलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावायच्या आणि तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा, ही त्याची युक्ती. त्या तुकड्यावर पोरं जमिनीवर उतरली ती उतरलीच. आपले सेक्रेटरी तिथे असते, तर दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली असती.

नोटीस राहिली बाजूला, हे सगळं २०२४ला पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये जाऊन पोचलं! बायकांचं सोनं जपानच्या अमी युआसाने नेलं, पुरुषांचं कॅनडाच्या फिल विझार्डने. पण चघळलं कुणाला? ऑस्ट्रेलियाच्या रेगनला. बाई तेव्हा विद्यापीठात शिकवायच्या, वय ३६, तीन लढती, आणि परीक्षकांचं एकही मत नाही. जगाने त्यांची जी टिंगल केली ती जरा जास्तच झाली, हे मी मैत्रिणींमध्येही ठणकावून सांगितलं. भावजींची छाती मात्र तेव्हापासून फुगलीय. म्हणतात, शून्य तर मीसुद्धा आणीन.

२०२८च्या लॉस एंजेलिसमधून ब्रेकिंगला वगळलंय आणि क्रिकेटला घेतलंय, हे कळल्यावर सेक्रेटरी खुशीत होते. पण भावजींनी पार्किंगमधल्या बोर्डाचा फोटो ग्रुपवर टाकला: 'येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे.' नाचाबद्दल त्यावर अवाक्षर नाही! आता विषय जनरल बॉडीत येतोय म्हणे. एरवी मी त्या मीटिंगला फिरकत नाही, पण या वेळी पुढची खुर्ची धरणार आहे.