वर्तुळ कुठे आहे?

काही प्रश्न चिरंजीव असतात. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो. गिम्प या फुकट मिळणाऱ्या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या वाट्याला असा प्रश्न आला तो वर्तुळाचा. नवखा माणूस ब्रश शोधतो, सापडतो. खोडरबर शोधतो, तेही सापडतं. मग त्याला गटाच्या फोटोत एका चेहऱ्याभोवती लाल गोल करायचा असतो. साधा गोल. तो काही सापडत नाही. जाणकार वर्षानुवर्षं शांतपणे सांगत आले : लंबगोल निवडीचं साधन घ्या, ओढताना शिफ्ट दाबून धरा, मग एडिटमध्ये जाऊन ‘स्ट्रोक सिलेक्शन’ करा. झालं वर्तुळ! वर एक सल्ला असतो, की गिम्प हे मुळात आकृत्या काढायचं सॉफ्टवेअरच नाही. त्यासाठी इंकस्केप आहे. सल्ला बरोबर असतो. फक्त लाल गोल करायला आलेल्या माणसाला त्या क्षणी तो झेपत नाही.

गंमत अशी, की 1996 मध्ये गिम्पची पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली आणि त्याच वर्षी लॅरी यूइंग यांनी त्या कच्च्या अवतारावरच लिनक्सचा सुप्रसिद्ध पेंग्विन काढला. गुबगुबीत पोट, चोच, पाय, सगळं. म्हणजे पेंग्विन जमत होता. आपलं अडलं ते गोलापाशी.

मला या तक्रारी वाचायला फार आवडतात. त्यांच्यामागे पैशाचा व्यवहार नसतो, म्हणून. दुकानातून आणलेला मिक्सर बिघडला तर पावती दाखवता येते. इथे पावतीच नाही. बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन पोरांनी 1995 मध्ये हे काम सुरू केलं. शिक्षण संपलं तसे ते नोकरीला लागले आणि यातून बाहेर पडले. पुढे त्यांनी डेटाबेसची कंपनी काढली आणि तिला झुरळाचं नाव दिलं. नावं ठेवण्याची त्यांची हौस जुनीच. मागे राहिलेलं सॉफ्टवेअर ज्यांना हवं होतं त्यांनी उचललं आणि चालवलं. परवान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, की कसलीही हमी दिलेली नाही. एवढं असूनही लोक तावातावाने लिहितात, ‘हे काय चालवलंय तुम्ही?’

हा ताव येतो कुठून? दुसऱ्याच्या घरी आमटीत मीठ कमी पडलं तर आपण गप्प जेवतो, वर ‘छान झालीय’ म्हणतो. आपल्या घरी मात्र पहिल्या घासाला ‘मीठ कुठाय?’ विचारतो. गिम्पची तक्रार ही अशी घरच्या पंगतीतली आहे. वस्तू विकत घेतली नाही म्हणून ती परकी वाटायला हवी होती, झालं उलटंच. ‘सगळ्यांचं’ म्हटल्यावर ते आपलंही झालं आणि आपलं झाल्यावर आवाज चढला. मीठ आणायला उठणारे कमी, हा भागही घरच्यासारखाच.

चढलेले आवाज एका सुरात असते तरी बरं झालं असतं. पूर्वी गिम्प उघडलं की पडद्यावर वेगवेगळ्या खिडक्या विखरायच्या : अवजारं एकीकडे, थर दुसरीकडे, चित्र तिसरीकडे. लोकांनी आरडाओरडा केला. 2012 च्या 2.8 आवृत्तीत सगळं एका खिडकीत मांडण्याची सोय आली, आणि विखुरलेल्या खिडक्यांचे भक्त घाबरू नयेत म्हणून जुनी पद्धतही ठेवली. पण त्याच आवृत्तीत ‘सेव्ह’ फक्त गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलपुरतं राहिलं आणि जेपीजी हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट’ करा, असा नियम झाला. झालं! ज्यांनी आयुष्यात कधी थर वापरले नव्हते, त्यांनाही अचानक आपला हक्क गेल्यासारखं वाटलं. नियमामागचं कारण शहाणं होतं : जेपीजी करताना थर गळून जातात, तेव्हा मूळ काम आधी सुरक्षित राहावं. पण शहाणी कारणं हाताच्या सवयीला पटत नाहीत. पुढे 2020 मध्ये अवजारांचे गट पाडून पेटी आटोपशीर केली, तर अवजारं हरवल्याची ओरड झाली. ती हरवली नव्हती, शेजारच्या अवजाराच्या पोटात बसली होती. शिवाय गट मोडण्याची सोय सेटिंगमध्ये होतीच.

इच्छांचं मात्र वेगळं असतं. तक्रार तावात येते आणि निवते. इच्छा म्हातारी होते. फिल्टर लावल्यानंतर मत बदलण्याची मुभा असावी, ही अशीच एक इच्छा. पूर्वी फोटो धूसर केला, पुढे चार कामं केली आणि मग वाटलं की धूसरपणा जरा कमी हवा होता, तर मागे जाऊन ती चारही कामं पुसावी लागत. यावरचा उपाय ज्या इंजिनात होता, त्या गेगलची सुरुवात 2000 ची. त्याचं बोधचिन्ह आहे पाच पायांची बकरी. पाच पाय असूनही तिला पोचायला वेळ लागला. 2018 च्या 2.10 आवृत्तीत चित्राची जवळजवळ सगळी प्रक्रिया या इंजिनावर आली, आणि लावलेला फिल्टर नंतर केव्हाही उघडून बदलण्याची सोय मिळाली ती मार्च 2025 च्या 3.0 आवृत्तीत. पहिल्या मागणीदारांपैकी कित्येकांनी तोवर धंदा बदलला असेल. इच्छा एकाची आणि पूर्ती भलत्याच्या पदरात, असा हा कारभार.

यापेक्षा मजेची गोष्ट जीटीकेची. खिडक्या, बटणं, मेनू रंगवणारा हा संच गिम्पसाठीच जन्माला आला. त्याचा जीव एवढा मोठा झाला की लिनक्सवरचा ग्नोम हा आख्खा डेस्कटॉप त्यावर उभा राहिला. त्याची तिसरी आवृत्ती 2011 मध्ये आली. गिम्प तिच्यावर पोचलं 2025 मध्ये, म्हणजे चौथी येऊन चार वर्षं उलटल्यावर. ज्याच्यासाठी शिवलं, त्यालाच कपडा शेवटी मिळाला. कारण फार साधं आहे : लाखो लोक वापरतात त्या गोष्टीवर मन लावून सतत काम करणारे मूठभर असतात.

ते मूठभर कसे तयार होतात, याचं एक उदाहरण मला आवडतं. गिम्पचा सध्याचा एक प्रमुख विकसक जेहान आणि अर्योम ही अ‍ॅनिमेशन करणारी चित्रकार मिळून ‘झे मार्मो’ नावाची फिल्म मुक्त सॉफ्टवेअरवर करत आले आहेत. अर्योम रेखाटनात रंग भरताना अडते आणि जेहान तिथे हत्यार घडवतो. रेघा पुऱ्या जुळलेल्या नसल्या तरी रंग बाहेर सांडू नये, ही सोय अशीच आली. तक्रार करणारी आणि ऐकणारा एकाच कामाला जुंपलेले असले, की तक्रारीचा सूरच बदलतो. ‘हे भिकार आहे’ याऐवजी ‘इथे, हे केल्यावर, असं होतं’ हे वाक्य येतं. अशा वाक्याला मी अर्धी दुरुस्ती मानतो.

म्हणूनच ‘एवढं वाटतं तर तूच कोड लिही’ हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं ठेवणीतलं उत्तर मला आवडत नाही. फोटो सुधारणाऱ्याला सी भाषा यावी, ही अपेक्षा उद्धट आहे. शिवाय कोडखेरीज कामं पुष्कळ पडलेली असतात. गिम्पच्या भाषांमध्ये मराठीही आहे. नवी आवृत्ती आली की नवी वाक्यं येतात, आणि कुणी हात लावला नाही तर मराठी मेनूत ती इंग्रजीच राहतात. एका ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत मराठी, एवढंच ते काम. कित्येक महागड्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरीची ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला लटकत होती, तेव्हा गिम्पमध्ये जोडाक्षरं नीट उमटत होती. याबद्दल आनंदाचं पत्र कुणी लिहिल्याचं मी ऐकलेलं नाही. सुरळीत चाललेल्या गोष्टीला आपल्याकडे पोच नसते.

रुसून वेगळं होण्याची वाटही परवान्याने मोकळी ठेवली आहे. ‘गिम्प’ हे नावच इंग्रजीत हिणवल्यासारखं खटकतं म्हणून 2019 मध्ये काहींनी ग्लिम्प्स या नावाने वेगळी चूल मांडली. कोड तोच, नाव सभ्य. 2021 मध्ये ती विझली, कारण नाव बदलल्यावरही काम करणारी माणसं लागतातच.

आणि एक्स्पोर्टचं काय झालं? काही नाही. इतक्या वर्षांच्या बोलण्यानंतर, 3.0 मध्येसुद्धा, जेपीजी हवी असेल तर एक्स्पोर्टच करावी लागते. मला हा हट्ट पटतो असं नाही, पण त्याचा राग येत नाही. पगारी माणसाला साहेबापुढे ‘नाही’ म्हणताना घरचा हप्ता आठवतो. फुकट काम करणाऱ्याला तेवढं एक ‘नाही’ मोकळेपणी म्हणता येतं, आणि त्याची कमाई म्हणावी तर तीच आहे. ती त्याला खुशाल मिळू दे. आपण कुरकुरत एक्स्पोर्ट करावं. कुरकुर करायलाही आपल्याला कुठे पैसे पडतात?